साखळी-यंत्रात चुंबक: धरणं सोपं, वेळेवर सोडणं अवघड

कॉलेजच्या टेक-फेस्टमधली साखळी-यंत्राची स्पर्धा म्हणजे एका क्रियेतून दुसरी, दुसरीतून तिसरी, आणि शेवटी एखादा झेंडा वर जाणं किंवा दिवा लागणं. गोटी, तरफ, डॉमिनो हे सगळेच वापरतात. चुंबक नीट बसवला तर यंत्राला तीन गोष्टी मिळतात ज्या गोटी आणि तरफेने सहज मिळत नाहीत: न शिवता कळवणं, ठरावीक वेळ थांबणं, आणि दोरी-खिळ्याशिवाय धरून ठेवणं. हा लेख बडोद्यातल्या डिप्लोमा आणि डिग्रीच्या विद्यार्थ्यांसाठी आहे. इथे मिळणारं सामान, इथली उन्हाळी हवा आणि हातात असलेले दोन-तीन आठवडे धरून तो लिहिला आहे.

चुंबकाची यंत्रं बहुतेक वेळा चुंबक कमजोर म्हणून फसत नाहीत. नको तिथे चिकटतात, हव्या क्षणी सुटत नाहीत, किंवा शेजारच्या टप्प्यात लुडबुड करतात म्हणून फसतात. त्यामुळे प्रत्येक टप्प्यावर एकच प्रश्न आधी विचारा: हा चुंबक सोडणार कसा?

सुरुवात नियमपत्रकापासून

आराखडा काढायच्या आधी नियमपत्रकातल्या चार गोष्टी शोधा: बॅटरीचं कमाल व्होल्टेज, हवेत उडणाऱ्या वस्तूंना परवानगी आहे का, एकूण वेळ किती सेकंदांची आणि किती फरक चालतो, आणि दुसऱ्या प्रयत्नासाठी यंत्र पुन्हा मांडायला किती मिनिटं मिळतात. शेवटची गोष्ट चुंबकाच्या टप्प्यांना फार लागू पडते. काही टप्पे पाच सेकंदांत पुन्हा तयार होतात, तर काहींत एकमेकांना घट्ट चिकटलेले तुकडे सोडवण्यातच मिनिट जातं.

या लेखासाठी एक नमुना यंत्र धरू. गोटी उतारावरून येते आणि रीड स्विचसमोरून (चुंबक जवळ आला की आतली पातं जुळून चालू होणारा काचेचा स्विच) जाते. विद्युतचुंबक बंद होऊन वजन खाली पडतं. वजनाने एक बटण दाबलं जातं आणि सर्वोची (सांगितलेल्या कोनात फिरणाऱ्या छोट्या मोटारची) पिन सरकते. चुंबक तांब्याच्या नळीतून सावकाश उतरून वेळ मोजतो. खाली हॉल सेन्सर (चुंबकीय क्षेत्र टिपणारा छोटा भाग) त्याला ओळखतो. शेवटी चुंबकाची कडी सुटते आणि झेंडा वर जातो. गोटी मात्र स्वतः चुंबक नसते. प्लास्टिकच्या गोटीला छेद देऊन आत ५ × ३ मिमीचा छोटा चुंबक बसवायचा.

सामान आणि ते कुठे मिळतं

- निओडिमियम चकत्या, एन३५ दर्जाच्या: १० × ३ मिमीच्या सहा, १० × १० मिमीच्या दोन, ५ × ३ मिमीच्या चार. ऑनलाइन मिळतात. प्रत्येक मापाच्या दोन जास्तीच्या घ्या, कारण एक तरी तडकतेच.
- अर्ध्या इंचाची तांब्याची नळी, ६० सेंमी. फ्रिज-एसीचे सुटे भाग विकणाऱ्या दुकानात कापून देतात.
- ३४ नंबरची इनॅमल वायर, २५ ते ५० ग्रॅम. मोटार रिवाइंडिंगवाल्याकडे तोलून मिळते. तिथे ‘३४ नंबर’ म्हटलं की पुरतं.
- ८ मिमीचे, ५० मिमी लांबीचे साधे माइल्ड स्टीलचे दोन बोल्ट आणि २५ × ५ मिमीची एमएस (म्हणजे माइल्ड स्टीलची) पट्टी, ६० मिमी. मकरपुरा जीआयडीसीच्या बाजूला फॅब्रिकेशनवाल्यांकडे असा तुकडा सहज मिळतो.
- १४ मिमी काचेचे रीड स्विच चार, ए३१४४ हॉल सेन्सर दोन, आर्डुइनो नॅनो (प्रोग्रॅम करता येणारा छोटा बोर्ड), एसजी९० सर्वो दोन, आयआरएलझेड४४एन मॉस्फेट (विजेच्या इशाऱ्यावर चालणारा स्विच), १एन४००७ डायोड, १० किलो-ओहमचे रोध, १००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर.
- ६ व्होल्ट ४.५ अँपिअर-अवरची सीलबंद बॅटरी.
- १२ मिमी प्लायवूड, ६० × ६० सेंमी. पितळी स्क्रू.

पितळी स्क्रूवर आमचा आग्रह आहे. लोखंडी स्क्रू चुंबकाच्या वाटेत असला की गोटी वळते आणि दोष उताराला दिला जातो. स्टेनलेस घ्यायचं असेल तर ३०४ दर्जाचं घ्या. ४३० दर्जाचं स्टेनलेस चुंबकाला चांगलंच चिकटतं. दुकानातच खिशातला छोटा चुंबक लावून बघा.

चुंबकाची निवड

‘एन’ पुढचा आकडा हा चुंबकात साठणाऱ्या कमाल ऊर्जेचा निर्देशांक आहे. एन५२ हा एन३५पेक्षा ताकदवान, पण साखळी-यंत्राला ती ताकद क्वचितच लागते. एन३५ची सुरक्षित कमाल तापमान-मर्यादा ८० अंश सेल्सिअस असते. एन५२ची अनेकदा त्याहून कमी असते, आणि पातळ चकत्या तर आणखी लवकर अशक्त होतात. मे महिन्यात बडोद्यात बंद गाडीच्या डॅशबोर्डवर तापमान ७०च्या आसपास जाऊ शकतं. तिथे दुपारभर यंत्र ठेवलं तर गेलेलं चुंबकत्व यंत्र गार झाल्यावर परत येत नाही. त्यामुळे यंत्र स्कूटरच्या डिकीतही ठेवू नका, हातात न्या.

फेराइट म्हणजे स्पीकरमधला काळा चुंबक. तो उष्णता छान सोसतो आणि गंजत नाही, पण त्याच आकाराच्या निओडिमियमपुढे फारच कमजोर. जिथे ‘थोडंसं धरलं तरी पुरे’ असं काम आहे, उदाहरणार्थ हलकं दार टेकवून ठेवणं, तिथे फेराइटच बरा, कारण तो सोडायलाही सोपा.

चकतीची जाडी वाढवून ओढ वाढते, पण जाडी व्यासाइतकी झाल्यावर पुढे फारसा फायदा नाही. १० मिमी व्यासाच्या पाच चकत्या एकावर एक लावून पाचपट ओढ मिळेल या आशेवर राहू नका. त्याऐवजी चकतीच्या पाठीमागे २-३ मिमी जाडीचा माइल्ड स्टीलचा तुकडा लावा. मागची वाट लोखंडातून मिळाली की पुढची ओढ वाढते.

अंतर: सगळ्यात महत्त्वाचा आकडा

विक्रेता सांगतो ती ओढ जाड, सपाट, न रंगवलेल्या लोखंडावर, मधे काहीही नसताना, सरळ रेषेत ओढून मोजलेली असते. आपल्या यंत्रात यातली एकही अट पाळली जात नाही. १० × ३ मिमीच्या चकतीची छापील ओढ दीड-दोन किलो असली तरी १ मिमी फटीनंतर ती साधारण निम्मी होते आणि २ मिमीला आणखी बरीच घटते. रंगाचा थर, चिकटपट्टी, थोडासा तिरकेपणा, हे सगळं फटीतच जमा होतं.

दुसरं नुकसान बाजूने सरकण्याचं. उभ्या पत्र्यावर चिकटलेला चुंबक खाली घसरायला त्याच्या ओढीच्या पाचव्या हिश्श्याइतकाही भार पुरतो, कारण तिथे फक्त घर्षण धरतं. उभ्या पृष्ठभागावर वजन टांगायचं असेल तर खाली २ मिमीचा ओठ ठेवा, म्हणजे भार ओठावर जाईल आणि चुंबकाचं काम फक्त चिकटून राहण्याचं उरेल.

तिसरं, पातळ पत्रा. तेलाच्या डब्याच्या पत्र्यावर मोठा चुंबक लावला तरी ओढ वाढत नाही, कारण एवढ्या पातळ लोखंडात तेवढं चुंबकीय क्षेत्र मावतच नाही. १० मिमीच्या चकतीसमोर निदान २ मिमी जाड एमएस ठेवा.

मोजायची रीत सोपी आहे, तेव्हा अंदाजाने काम करू नका:

१. एमएस पट्टी आडवी, दोन खुर्च्यांच्या मधे बांधा. चुंबकाला खालून आकडा लावा. अराल्डाइटने चिकटवलेला पितळी हूक चालतो.
२. आकड्याला रिकामी एक लिटरची बाटली टांगा आणि मापाच्या पेल्याने हळूहळू पाणी ओता. १ मिली म्हणजे १ ग्रॅम. सुटली की आकडा लिहा, बाटलीचं आणि हुकाचं वजन मिळवा. एक लिटरने सुटत नसेल तर बाटली मोठी घ्या.
३. हेच तीनदा करा आणि सगळ्यात कमी आकडा धरा. सरासरी नको.
४. आता पट्टी आणि चुंबकाच्या मधे झेरॉक्सचा कागद घाला. साधा ८० जीएसएम कागद सुमारे ०.१ मिमी जाड असतो. ०, २, ५, १०, २० कागदांना मोजा आणि आलेख काढा.

हा एक आलेख तुमच्या वहीत असला की पुढचे निर्णय पटापट होतात. ३०० ग्रॅमचं वजन धरायचंय? प्रत्यक्ष फटीला ९०० ग्रॅमची ओढ देणारी मांडणी घ्या, म्हणजे तिप्पट. त्याहून जास्त घेतलीत तर सोडताना त्रास.

खुणा आणि चिकटवणं

पुडी फोडल्याबरोबर सगळ्या चकत्यांवर एकाच ध्रुवाची खूण करा. होकायंत्राच्या सुईचं उत्तरेकडे वळणारं टोक ज्या बाजूकडे ओढलं जातं, ती चकतीची दक्षिण बाजू. तिच्यावर लाल मार्करने ठिपका द्या. आधी चकती दूर धरा आणि हळूहळू जवळ आणा. एकदम जवळ नेली तर होकायंत्राची सुईच उलटी चुंबकित होऊ शकते.

चिकटवण्यासाठी सावकाश सुकणारं दोन भागांचं इपॉक्सी सगळ्यात भरवशाचं. निकेलचा मुलामा गुळगुळीत असतो, म्हणून ३२० नंबरच्या पॉलिश पेपरने तो नुसता मंद करा, आणि स्पिरिटने पुसा. मुलामा खरवडून आतला राखाडी भाग उघडा पडला तर पावसाळ्यात तिथून गंज फुटतो आणि चकती भुसभुशीत होते. फेविक्विक झटपट धरतं, पण धक्का बसला की खपली निघावी तसं निघतं. ग्लू-गनने चुंबक तापतो, आणि निकेलवर तिची पकडही कमी. लाकडाला १० मिमीपेक्षा किंचित मोठा खळगा पाडून चकती आत बसवली तर कुठलंही गोंद दुपटीने टिकतं.

इपॉक्सी ओलं असताना दोन चकत्या शेजारी ठेवल्या की त्या उड्या मारून एकत्र येतात. एक पूर्ण सुकल्यावरच दुसरी लावा. आणि चकतीला ड्रिल कधीही करू नका. ती फुटते, आणि तिची भुकटी पेट घेऊ शकते.

विद्युतचुंबक: धरून ठेव, सांगितल्यावर सोड

एका बोल्टवर तार गुंडाळून केलेला विद्युतचुंबक सगळे करतात, आणि तो फारच दुबळा असतो, कारण चुंबकीय रेषांना परतायला लोखंडी वाट नसते. दोन बोल्ट आणि मागे पट्टी, असा यू आकार केला की तितक्याच तारेत कित्येक पट जास्त ओढ मिळते.

पट्टीत २५ मिमी अंतरावर दोन भोकं पाडा आणि बोल्ट नटने घट्ट कसा. बोल्टांची पुढची टोकं एका पातळीत यायला हवीत. कॉलेजच्या वर्कशॉपमध्ये दोन्ही टोकं एकाच वेळी कानशीने किंवा ग्राइंडरवर सपाट करून घ्या. त्यातली दहाव्या मिलिमीटरची विषमताही वर सांगितलेल्या फटीत मोजली जाते. बडोद्यात ही सोय शोधायला लांब जावं लागत नाही. १८९० साली सयाजीरावांनी सुरू केलेल्या कलाभवनातच आज विद्यापीठाची तंत्रज्ञान विद्याशाखा आहे, आणि इतर कॉलेजांतही फिटिंगचं वर्कशॉप असतंच.

प्रत्येक बोल्टवर आधी कागदाचे दोन वेढे, मग ३४ नंबर वायरचे ५०० वेढे, ३० मिमी लांबीत. चार-साडेचार थर होतात. दोन गुंडाळ्या एकामागे एक जोडा, पण अशा की एका टोकाला उत्तर आणि दुसऱ्याला दक्षिण ध्रुव येईल. उलट जोडलंत तर दोन्ही टोकं सारखी होतात आणि ओढ जवळजवळ नाहीशी होते. होकायंत्राने दोन्ही टोकं तपासा. एकूण रोध १२ ते १५ ओहमच्या आसपास यायला हवा. ६ व्होल्टवर साधारण ०.४ ते ०.५ अँपिअर प्रवाह, म्हणजे अडीच-तीन वॅट. पाच-दहा मिनिटं चालू ठेवला तर कोमट होतो, बिघडत नाही. ज्यांनी हाताशी आहे म्हणून २६ नंबरची जाड वायर घेतली त्यांची गुंडाळी तेवढ्याच जागेत दोन ओहमच्या आत राहते, प्रवाह कित्येक अँपिअर जातो, इनॅमल जळतं आणि बॅटरी बसते.

वेढे मोजायला एक छान युक्ती आहे. जुन्या कॅल्क्युलेटरच्या ‘=’ कळीच्या दोन टोकांना रीड स्विच जोडा आणि हँड-ड्रिलच्या चकवर छोटा चुंबक लावा. ‘१ + १ =’ दाबून सुरुवात केली की प्रत्येक फेरीला आकडा एकाने वाढतो. ड्रिल हळू फिरवा, नाहीतर कॅल्क्युलेटर काही फेऱ्या चुकवतो.

आता सोडण्याचा प्रश्न. प्रवाह बंद केला तरी लोखंडात थोडं चुंबकत्व उरतं. वजन जड असेल तर ते स्वतःच्या भाराने सुटतं, पण ३०-४० ग्रॅमची हलकी पट्टी तशीच लटकून राहते. बोल्टच्या डोक्यावर ८.८ कोरलेलं असेल तर तो कडक पोलादाचा आहे आणि त्यात उरणारं चुंबकत्व जास्त. म्हणून साधे बोल्ट सांगितले. शक्य असेल तर ते लाल तापवून राखेत रात्रभर गार होऊ द्या, आणखी मऊ होतात. त्यानंतर टोकांवर सेलोटेपचे दोन थर लावा. साधारण ०.१ मिमीची ही फट धरतानाची थोडी ओढ खाते आणि उरलेली चिकट बहुतेक घालवते. ‘ताकद कमी होईल’ म्हणून टेप काढणारा विद्यार्थी प्रत्येक वर्गात असतो. त्याला मोजलेला आलेख दाखवा.

जोडणी अशी: बॅटरीचा धन ते गुंडाळी, गुंडाळी ते मॉस्फेटचा ड्रेन, सोर्स ऋणाला, आर्डुइनोचा ऋण तिथेच. गेट, म्हणजे मॉस्फेटचा इशारा घेणारा पाय, आर्डुइनोच्या पिनला. गेट आणि ऋण यांच्यात १० किलो-ओहम, नाहीतर आर्डुइनो चालू होत असताना गेट अधांतरी राहून वजन भलत्याच वेळी पडतं. आयआरएफझेड४४एन हा नावाने जवळचा भाऊ आहे, पण ५ व्होल्टच्या गेटवर तो पूर्ण उघडत नाही, तेव्हा ‘एल’ आहे ना बघून घ्या. गुंडाळीला समांतर १एन४००७ डायोड लावा, त्याच्यावरच्या पट्ट्याची बाजू धनाकडे. तो नसेल तर बंद करताना गुंडाळीतून उसळणारं व्होल्टेज मॉस्फेट मारतं किंवा आर्डुइनो रीसेट करतं. डायोडमुळे सुटायला काही मिलिसेकंद उशीर होतो, साखळी-यंत्रात तो खपतो.

एक नियम लक्षात ठेवा: विद्युतचुंबकाने कायमचा चुंबक धरायचा नाही. प्रवाह असो वा नसो, तो बोल्टच्या लोखंडाला चिकटूनच बसतो. विद्युतचुंबकासमोर नेहमी साधं लोखंड ठेवा.

तांब्याची नळी: गिअर नसलेलं घड्याळ

यंत्रातला हा सगळ्यात देखणा टप्पा. परीक्षकांनाही तो थांबून पाहावासा वाटतो. चुंबक तांब्याला चिकटत नाही, पण नळीतून पडताना तिच्या भिंतीत गोल प्रवाह निर्माण करतो आणि तेच प्रवाह त्याला अडवतात. वेग वाढला की अडवणूक वाढते, त्यामुळे सुरुवातीच्या क्षणानंतर चुंबक एकाच संथ वेगाने उतरतो. म्हणजे लागणारा वेळ नळीच्या लांबीच्या सरळ प्रमाणात. वेळ साधायला यापेक्षा सोयीची गोष्ट नाही.

अर्ध्या इंची नळीचा बाहेरचा व्यास १२.७ मिमी, भिंत ०.८ मिमी असेल तर आतला ११.१. यात १० मिमी व्यासाचा, १० मिमी उंच चुंबक घ्या. १० × ५ घेऊ नका. त्याचा कर्ण सुमारे ११.२ मिमी भरतो, आतल्या व्यासाला जेमतेम भिडणारा, त्यामुळे तो तिरका होऊन वाटेत अडकतो. हातात १० × ५ चे दोनच असतील तर ते एकमेकांना जोडून एक करा.

या मापात वेग साधारण सेकंदाला ४ ते १० सेंटिमीटर येतो. भिंतीची खरी जाडी, तांब्याची शुद्धता आणि चुंबकाचा दर्जा यांवर तो बदलतो, तेव्हा आपली नळी आपण मोजायची.

१. नळी गुंडाळीतून कापलेली असेल तर दोन सपाट फळ्यांमध्ये लाटून सरळ करा. पोचे असलेला तुकडा परत द्या.
२. कापल्यावर टोकाची आतली कड आत वळलेली असते. गोल कानशीने साफ करा. चुंबक शेवटच्या मिलिमीटरला अडकण्याचं कारण बहुधा हेच.
३. नळी लाकडी खांबाला प्लास्टिकच्या क्लिपांनी बांधा आणि ओळंब्याने उभी करा. लोखंडी स्टँड नको. १० सेंमीच्या आत लोखंड आलं की चुंबक त्या बाजूला ओढला जाऊन भिंतीला घासतो.
४. पूर्ण ६० सेंमीवर दहा वेळा वेळ घ्या. १० सेकंद लागले आणि तुम्हाला ८ हवेत, तर ४८ सेंमी ठेवा. आधी ४९ला कापा, पुन्हा मोजा, मग उरलेलं कानशीने.
५. खाली फोमचा तुकडा ठेवा. नळीतून हळू आला तरी बाहेर पडल्यावर तो मोकळाच पडतो, आणि कडक फरशीवर तडकतो.

वेळ वाढवायचा असेल तर बाहेरून दुसरी, थोडी मोठी तांब्याची नळी घट्ट बसवा. कमी करायचा असेल तर चुंबकावर पितळी चकती चिकटवून वजन वाढवा. त्याच मापाची ॲल्युमिनियमची नळी घेतली तर वेग साधारण दीडपटीहून थोडा जास्त होतो.

तापमानाचा परिणाम इथे खरोखर दिसतो. तांब्याचा रोध दर अंशाला सुमारे ०.४ टक्के वाढतो आणि निओडिमियमची ताकद दर अंशाला सुमारे ०.१ टक्के घटते. अडवणूक ताकदीच्या वर्गावर अवलंबून असल्याने तो फरक दुप्पट मोजावा लागतो. २४ अंशाच्या एसी लॅबमध्ये १० सेकंदांवर बसवलेली नळी ४० अंशाच्या मांडवात ९ सेकंदांच्या आसपास येते. मार्च-एप्रिलमध्ये बडोद्यात स्पर्धा मोकळ्या मांडवात असेल तर वेळ दुपारी, त्याच सावलीत बसवा.

वरून सोडायला विद्युतचुंबक नको, कारण वर सांगितलंच. नळीच्या तोंडाशी आडवं २.५ मिमीचं भोक पाडा, त्यातून पितळी तार किंवा बांबूची काडी घाला, चुंबक तिच्यावर टेकवा आणि सर्वोने ती मागे ओढा. एसजी९०च्या आत स्वतःचे चुंबक आणि लोखंड आहे. तो नळीपासून निदान १० सेंमी दूर ठेवा आणि काडी तेवढी लांब घ्या.

रीड स्विच आणि हॉल सेन्सर

रीड स्विचला वीजपुरवठा लागत नाही, हा त्याचा मोठा गुण. दोष तीन. पहिला, काच. पाय वाकवताना काचेलगतचा भाग पकडीने धरा आणि पकडीच्या पुढे वाकवा, नाहीतर काच तडकते आणि स्विच कधी चालतो, कधी नाही. दुसरा, क्षमता. १४ मिमीचा सामान्य रीड साधारण १० वॅट, अर्धा अँपिअर इतकंच सोसतो. त्यातून मोटार किंवा गुंडाळी थेट चालवली की आतली पातं जुळून चिकटतात आणि स्विच कायम ‘चालू’ होतो. तो फक्त आर्डुइनोच्या पिनला संदेश द्यायला वापरा. तिसरा, दिशा. चुंबकाचा अक्ष, म्हणजे त्याच्या दोन ध्रुवांना जोडणारी रेषा, रीडला समांतर असेल तर तो मधोमध नीट बंद होतो, म्हणजे आतली पातं जुळतात. अक्ष काटकोनात ठेवून बरोबर मध्यावर आणलात तर बंदच होत नाही. शिवाय समांतर चुंबक रीडच्या लांबीने पुढे गेला तर तो तीनदा बंद-उघड होऊ शकतो, मधे एकदा आणि दोन्ही टोकांना एकेकदा. म्हणून प्रोग्रॅममध्ये पहिला संदेश घ्या आणि त्या टप्प्यापुरते बाकीचे दुर्लक्षित करा.

आपल्या गोटीतला चुंबक फिरत येतो, त्याची दिशा दर वेळी वेगळी. तिथे एक रीड पुरत नाही. उताराच्या दोन बाजूंना, एकमेकांशी काटकोनात दोन रीड समांतर जोडणीत लावा. गोटी वेगात असेल तर रीड फक्त काही मिलिसेकंद बंद राहतो. प्रोग्रॅममध्ये ‘डिले’ लिहून आर्डुइनो झोपलेला असेल तर संदेश निसटतो, तेव्हा इंटरप्टची पिन वापरा, म्हणजे चालू काम थांबवून आर्डुइनो संदेशाची लगेच दखल घेतो.

नळीच्या खालच्या टोकाला ए३१४४ हॉल सेन्सर लावा. तांबं स्थिर चुंबकीय क्षेत्र अडवत नाही, त्यामुळे सेन्सर नळीच्या बाहेर टेकवला तरी त्याला आतलं कळतं. अक्षरं असलेली बाजू नळीकडे. त्या बाजूने पाहिलं तर डावीकडून पाय: धन, ऋण, आउटपुट. आउटपुट आणि धन यांच्यात १० किलो-ओहम लावा. हा सेन्सर फक्त दक्षिण ध्रुवाला उत्तर देतो. चुंबक नळीत लाल ठिपका वर ठेवून घातला की खाली ठेवून, यावर संदेश साधारण एका चुंबकाच्या उंचीइतका लवकर किंवा उशिरा येतो. १० मिमीला ५ सेंमी प्रतिसेकंद वेगाने तो ०.२ सेकंदाचा फरक. मांडणीच्या कागदावर ‘लाल खाली’ असं ठळक लिहून ठेवा.

कायमच्या चुंबकाची कडी सोडवणं

झेंड्याच्या दांडीला खालून रबर किंवा स्प्रिंग, आणि १० × ३ मिमीची एक चकती समोरच्या एमएस तुकड्याला चिकटून दांडी खाली धरते. एसजी९०ने ती सरळ ओढून सोडवायला जाऊ नका. त्याची ताकद छापील १.८ किलो-सेंमी, प्रत्यक्षात त्याहून कमी. दोन वाटा आहेत.

एक, सोलणं. चुंबकाच्या कडेला ५० मिमीची तरफ लावा, टेकू कडेपासून १० मिमीवर. एक कड उचलली की फट वाढते, फट वाढली की ओढ कोसळते, आणि उरलेलं काम झेंड्याचा रबर करतो.

दुसरी, सरकवणं. बाजूने ढकलायला पाचवा हिस्सा बळ पुरतं, म्हणून एमएस तुकडाच सर्वोने बाजूला सरकवा. ही वाट आम्हाला जास्त पसंत आहे, कारण पुन्हा मांडताना तुकडा परत सरकवला की कडी आपोआप लागते. सरकणारी जागा गुळगुळीत ठेवा, पेन्सिलचं शिसं घासलं तरी चालतं.

सर्वोला बॅटरीच्या वाटेवर १००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर द्या आणि आर्डुइनोच्या ५ व्होल्ट पिनमधून सर्वो चालवू नका.

छऱ्यांचा धक्का, नियम परवानगी देत असतील तर

चुंबक घट्ट बसवा, त्याच्या एका बाजूला १० मिमीचे बेअरिंगचे दोन किंवा तीन छरे ओळीत, दुसऱ्या बाजूने एक छरा हळू सोडा. आलेला छरा चुंबकाकडे वेगाने ओढला जातो आणि शेवटचा छरा झटक्यात सुटतो. एकच छरा ठेवलात तर तो चुंबकाला इतका लागून असतो की सुटतच नाही. चुंबकावर टेपचा थर आणि डोळ्यांवर गॉगल, दोन्ही सक्तीचे. पुन्हा मांडायला वेळ लागतो, म्हणून साखळीत असे टप्पे दोनाहून जास्त ठेवू नका.

एकत्र मांडणी

सगळे टप्पे प्लायवूडवर लावायच्या आधी प्रत्येक टप्पा सुटा वीसदा चालवा. मग कागदावर प्रत्येक चुंबकाभोवती १० सेंमीचं वर्तुळ काढा. त्यात दुसऱ्या टप्प्याचा रीड, हॉल सेन्सर, सर्वो किंवा लोखंड येत असेल तर मांडणी बदला. लॅबमधलं टेबल लोखंडी असतं, आणि स्पर्धेचं टेबल लाकडी असू शकतं. प्लायवूडखाली ५ सेंमीचे लाकडी पाय लावले की दोन्हीकडे यंत्र सारखंच वागतं.

सुटण्याचा क्षण तपासायला फोनचा स्लो-मोशन व्हिडिओ वापरा. सेकंदाला २४० चित्रांवर प्रत्येक चित्र सुमारे ४ मिलिसेकंदांचं, त्यामुळे वजन लटकून राहतं की लगेच सुटतं हे स्पष्ट दिसतं. फोन मात्र चुंबकांपासून हातभर दूर.

जपायच्या गोष्टी

घरात लहान मूल असेल तर चकत्या झाकणाच्या डब्यात, वरच्या फळीवर. दोन चुंबक गिळले गेले तर आतड्याच्या दोन घड्या मधे धरून एकमेकांना ओढतात आणि भोक पडतं. अशी शंका जरी आली तरी उलटीची वाट न बघता ताबडतोब हॉस्पिटल गाठा. पेसमेकर असलेल्या माणसापासून चुंबक दूर ठेवा, आणि ही सूचना यंत्राजवळ मराठी आणि गुजराती दोन्हीत लावा, कारण प्रदर्शनात आजी-आजोबाही वाकून बघतात. मोठ्या चकत्या हाताळताना त्या बोटांच्या चिमट्यात सापडू देऊ नका. वर्कशॉपमधल्या लोखंडी किसापासून वाचवायला त्या झिप-पिशवीत ठेवा. किस चिकटलाच तर एम-सीलचा ओला गोळा दाबून उचला, पुसायला जाऊ नका.

स्पर्धेच्या दिवशी

जागेवर पोचल्यावर पहिलं काम ओळंबा, दुसरं नळीची वेळ तीनदा, तिसरं विद्युतचुंबक पाच मिनिटं चालू ठेवून वजन पडतं का ते. सीलबंद बॅटरी आदल्या रात्री भरा आणि जोडणी चालू असताना व्होल्टेज मोजा. ५.८च्या खाली गेलं तर दुसरी लावा. पिशवीत सुटे असू द्या: रीड दोन, हॉल एक, मॉस्फेट एक, १० × ३ च्या खुणा केलेल्या चकत्या दोन, सेलोटेप, कागदाच्या दहा कापट्या, होकायंत्र. बोल्टच्या टोकांवरचा टेप प्रत्येक प्रयत्नानंतर बघा. वजन आपटून तो फाटला असेल तर पुढच्या फेरीत वजन लटकून राहील, तेव्हा तिथेच नवा लावा.